सान्सुईवरचं दही

मेलेल्या नवऱ्याचा फोन टुंग करून वाजला तेव्हा सत्यशीला मेथी निवडत बसली होती. त्यात दचकण्यासारखं काही नव्हतं. रामप्रसाद जाऊन वर्ष होत आलं तरी तिनं तो फोन बंद केला नव्हता. सकाळी देवापुढं दिवा लावायचा आणि लगेच फोन चार्जिंगला लावायचा, असा नेमच पडून गेला होता. मुलगा दत्तप्रसाद कुरकुरायचा की आई काहून उगं रिचार्ज मारायला लावून राहिली, कोण फोन करणार हाय त्याच्यावर? ती म्हणायची, असू दे. त्या फोनवर येऊन येऊन येणार तरी काय? लग्नाच्या पत्रिका, सुप्रभाताची फुलं आणि त्या ग्रुपचा बाजार. 'जुने ॲम्प, जाणते कान' असं भारदस्त नाव होतं ग्रुपचं. नांदेड, परभणी, अकोला, पार संभाजीनगरपर्यंतचे पन्नाशी-साठीतले बाप्ये त्यात होते आणि लोक नातवंडांचे फोटो पाठवतात तसे हे एकमेकांना जुन्या ॲम्प्लिफायरचे फोटो पाठवायचे. आज कुणीतरी सवाल टाकला होता, सगळ्यात लाडका जुना इंटिग्रेटेड ॲम्प कोणता? इंटिग्रेटेड म्हणजे एकाच पेटीत सगळं आलं, दुसरा डबा जोडायची गरज नाही, इतपत तिला इतक्या वर्षांत कळलं होतं. कुणी मॅरान्ट्झ म्हणत होतं, कुणी पायोनियर, कुणी यामाहा. एकानं लिहिलं होतं की लक्समनवर ऐकलं तर बायकोचं बोलणंसुद्धा गोड लागेल, आणि त्याखाली हसणाऱ्या तोंडांची माळच लागली होती. सत्यशीला मेथीचे ओले हात पदराला पुसत वाचत होती. तेवढ्यात वैजनाथनं टाकलेला एक फोटो आला. वैजनाथ म्हणजे रामप्रसादचा सबस्टेशनवरचा जोडीदार, जिवाभावाचा मित्र, तिला वहिनी वहिनी करणारा. फोटो तिच्याच घरातल्या सान्सुई ॲम्पचा होता. काळं तोंड, त्यावर चकचकीत बटणांची ओळ, लाकडी पेटी आणि पेटीच्या माथ्यावर तो गोल डाग. खाली लिहिलं होतं, 'माझ्या मते हाच राजा. आपल्या स्वर्गवासी रामप्रसादभाऊंचा सान्सुई. येत्या रविवारी त्यांच्या पुण्यस्मरणाला हा नांदेडच्या प्रेमदासजींच्या स्वाधीन करणार आहोत. भाऊंना दिलेला शब्द आहे. ता. क. वर कोण्या गाढवानं गरम भांडं ठेवल्याचा डाग आहे, पॉलिशनं जाईल.'

कोण्या गाढवानं! आता त्या गाढवाचं नाव सांगायचं तर सत्यशीला, डोंगरकड्याची लेक, गोरेगावची सून, मुक्काम हिंगोली. आणि भांडं गरम नव्हतंच मुळी, कोमट होतं. हिवाळ्यात इकडं थंडी पडली की विरजण लागत नाही, दूध रात्रभर तसंच बसून राहतं, वर नुसती आंबूस साय. एका पौषात तिला सुचलं होतं की हे यंत्र तासभर चालू राहिलं की त्याच्या वरच्या जाळीतून ऊब येते, चुलीच्या वैलावर येते तशी, मऊ. तिनं विरजलेल्या दुधाचं पातेलं त्यावर ठेवलं आणि गाणं लावलं. दुपारपर्यंत दही असं लागलं की सुरीनं कापावं. रामप्रसाद ड्यूटीवरून आला, जेवायला बसला आणि म्हणाला, तुझ्या हाताला गुण आहे बघ. घ्या! ज्या सान्सुईला बोट लावायची घरात कुणाला परवानगी नव्हती त्याच सान्सुईवरचं दही तो वाटी चाटूनपुसून खात होता. पुढं कितीतरी हिवाळे तो ते खात राहिला. पातेल्याच्या बुडाचा डाग लाकडावर उमटायला लागला तेव्हा तिनं त्यावर विणलेला रुमाल घातला, आणि रामप्रसादला तो रुमाल शोभेचा वाटला. तो डाग गेल्या सोमवारी वैजनाथनं रुमाल उचलून पाहिला होता. आठवण म्हणून एक फोटो काढतो वहिनी, असं म्हणाला होता. तिनं त्याला चहासुद्धा करून दिला होता. मेथीची जुडी तिनं तशीच परातीत टाकली आणि उठून बैठकीच्या खोलीत गेली. सान्सुई होता तिथंच होता, रुमाल पांघरून गप्प बसलेला. तिला वाटलं होतं आपल्याला रडू येईल, वर्षभर कशानंही यायचं. पण आलं नाही. कानशिलं तापली, तळहात तापले आणि पुष्कळ दिवसांनी तिला सणसणीत राग आला. राग आला म्हणून तिला बरं वाटलं.

सान्सुई घरात आला तेव्हा दत्ता रांगत होता. रामप्रसाद हैदराबादेला कुणाच्या तरी ऑपरेशनला म्हणून गेला आणि येताना काचीगुड्याहून छोट्या लाइनीच्या गाडीत हे धूड मांडीवर घेऊन बसून आला. कुठल्याशा नवाबी घरातलं सामान विकायला निघालं होतं, त्यात याला हे दिसलं आणि याची मती गुंग झाली. बायकोसाठी बांगड्या आणतो म्हणून गेलेला माणूस जपानी पेटी घेऊन आला आणि वर तिलाच म्हणाला, जपून, जपून, हात नको लावू. गल्लीतल्या बायका बघायला आल्या, म्हणाल्या, बाई, टेप आणला वाटतं. टेप म्हटल्यावर त्याला झोंबलं. मग त्यानं त्या बिचाऱ्यांना उभ्याउभ्या समजावून सांगितलं की टेप वेगळा, तबकडी वेगळी आणि हा या सगळ्यांचा बाप. त्यानं बैठकीत जागा आखली. दोन बाजूंना दोन स्पीकर आणि बरोबर समोर एक वेताची खुर्ची. एकच. कारण खरा स्टिरिओ एकाच जागी ऐकू येतो म्हणे, दोन्ही आवाजांच्या ऐन मधोमध, तिथून हातभर सरकलं तरी चित्र बिघडतं. त्या खुर्चीत रामप्रसाद डोळे मिटून बसायचा आणि सगळी बटणं घड्याळातल्या बारावर ठेवायचा. बेस वाढवायचा नाही, ट्रेबल वाढवायचा नाही, आणि ते लाऊडनेस म्हणून एक छोटं खटकं असतं, जे वर केलं की खालचे सूर फुगतात, त्याला तर तो शिवायचासुद्धा नाही. आवाज जसा आहे तसा ऐकावा, वरून मसाला टाकू नये, हे त्याचं ब्रीद. ती चहा घेऊन यायची, कप ठेवायची आणि स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात थबकायची. तिथून तिला फक्त डावा स्पीकर ऐकू यायचा. कितीतरी गाणी तिला वर्षानुवर्षं अर्धीच माहीत होती. एखाद्या गाण्यात बासरी आहे हेसुद्धा तिला कधी कळलं नसतं, कारण बासरी उजवीकडं होती.

बासरी तिला सापडली ती रामप्रसादच्या दिवसपाळीत. दत्ता शाळेत, घर सुनं, दुपारची वीज आलेली. ती फडकं मारत होती. फडकं मी मारीन असं त्यानं बजावलं होतं, पण मराठवाड्याची धूळ काय कुणाच्या ड्यूटीसाठी थांबते होय? बांगडी अडकली आणि ते खटकं वर गेलं. तबकडी तशीच फिरत होती, सकाळी तो बंद करायचा विसरून गेला असावा, नाहीतर तिनंच लावली होती; आता ते तिला नीट आठवतही नाही. आठवतं ते एवढंच की तबल्याचा डग्गा एकदम स्पीकरमधून निघाला आणि तिच्या पोटात शिरला. कानात नाही, पोटात. ती फडकं हातात धरून तशीच उभी राहिली. हा आवाज तिच्या ओळखीचा होता. डोंगरकड्याला जत्रेत तिचा बाप आणि भावकीतले गडी ढोल घेऊन नाचायचे, पांढरे फेटे, हातात रुमाल, मेंढरं वाड्यात कोंबलेली. बायकांनी लांब उभं राहायचं, बैलगाड्यांच्या पलीकडं. ती लहान होती, तिला लांबून नुसते हलणारे फेटे दिसायचे. मग तिनं एकदा गाडीच्या लाकडी साटीला छाती लावली, तर प्रत्येक थापेला लाकूड धडधडलं आणि तिच्या बरगड्यांत ढोल वाजला. त्यानंतर दर जत्रेत ती गाडीला चिकटून उभी राहायची आणि आई म्हणायची, पोरीला काय झपाटलं का काय. लग्नानंतर तो ढोल गेला तो गेलाच. रामप्रसादला त्याचं नावही नको असायचं. धनगराचं पोरगं शिकून वीज मंडळात लागलेलं, मेंढरांचा वास अंगाला राहू नये म्हणून रोज दोनदा अंघोळ करणारं. त्याला सगळं स्वच्छ पाहिजे होतं, कपडे स्वच्छ, भाषा स्वच्छ, आवाज स्वच्छ. आणि इथं त्याच्या त्या स्वच्छ पेटीच्या पोटात तिच्या बापाचा ढोल दडून बसला होता. तिनं बेसचं बटण फिरवलं. आणखी फिरवलं. मग ती जाऊन त्या वेताच्या खुर्चीत बसली, आणि उजवीकडून बासरी आली.

त्या दिवसापासून तिचे दोन संसार सुरू झाले म्हणायला हरकत नाही. एक सकाळ-संध्याकाळचा, चारचौघींसारखा. दुसरा त्याच्या पाळीच्या वेळचा. भाकऱ्या झाल्या की ती दार लोटायची, खटकं वर करायची, बेस पार टोकाला न्यायची आणि खुर्चीत पाय वर घेऊन बसायची. भिंतीवरच्या कॅलेंडरचं पान थरथरायचं, फडताळातले पेले किणकिणायचे. आणि तो यायच्या आत सगळं परत बारावर. अंगणातली पावलं झाडून टाकावीत तसं. एकदा तो लवकर आला, बूट न काढताच पेटीवर हात ठेवला आणि म्हणाला, गरम लागतंय. ती म्हणाली, खिडकीतून ऊन येतं ना. त्यानं खिडकीकडं पाहिलं, खिडकी उत्तरेला होती. तो काही बोलला नाही. काहून नाही बोलला? हा प्रश्न तिला आजवर छळत होता. त्याला कळलं होतं का? कळून त्यानं चालवून घेतलं का? की त्याच्या मनातच आलं नाही की ही बाई गाणं ऐकत असेल, त्याला वाटलं असेल दत्तानं काही खोडी केली? तिला कळलेलं असावं असं वाटायचं आणि लगेच नसावं असंही वाटायचं, कारण कळलं असतं तर एकदा तरी त्यानं म्हटलं असतं, बस, तू पण बस. तेवढं काही अवघड नव्हतं. दुसरी खुर्ची घरात होती.

मग तो गेला. सकाळी छातीत कळ आली, दुपारी सगळं आटोपलं. सासूनं, पंचफुलाबाईनं, सांगितलं की वर्षभर घरात गाणंबजावणं करायचं नाही. सत्यशीलेनं ते पाळलं, कुणी पाळलं नसेल इतकं पाळलं. टीव्हीचा आवाजसुद्धा तिनं कधी वाढवला नाही. पण रुमालाखालच्या त्या पेटीकडं पाहताना मनात एक गोष्ट तिनं धरून ठेवली होती, आणि ती गोष्ट धरूनच तिनं हे वर्ष ओढलं होतं. वर्ष सरलं की दार उघडं टाकून वाजवायचं. बटणं परत बारावर आणायची नाहीत. कुणाला लपवायचं नाही, कारण लपवावं असं कुणी उरलंच नव्हतं. यात तिला दुःखाबरोबर सुटल्यासारखंही वाटायचं आणि तसं वाटल्याबद्दल ती स्वतःला बोलही लावायची. आता रविवार तोंडावर आला होता आणि ज्या दिवशी तिची ऐकायची पाळी सुरू व्हायची त्याच दिवशी ते लोक सान्सुई उचलून नेणार होते. तिला न विचारता. फोटोखाली अंगठ्यांची आणि हात जोडल्याची रांग लागली होती आणि नांदेडच्या प्रेमदासनं लिहिलं होतं, भाग्य माझं.

दत्ता शाळेतून आला. वसमतला मास्तर आहे तो, रोज जाऊन येऊन करतो, दमलेला असतो. तिनं त्याला पाणी दिलं, फोन समोर धरला आणि विचारलं की हे काय आहे. त्याचं तोंड उतरलं. त्याला वाटत होतं वैजनाथकाकांनी आईच्या कानावर घातलं असेल, आणि वैजनाथला वाटत होतं दत्तानं घातलं असेल. पुरुषांची कामं अशीच असतात. मग त्यानं चाचरत सांगितलं. दहाव्याला कयाधूच्या काठावर पिंड ठेवला, पण कावळा शिवेना. ऊन चढत गेलं, न्हावी कंटाळला, गुरुजी घड्याळ बघायला लागले. कावळे होते, समोरच्या बाभळीवर बसलेले, पण खाली येईनात. तेव्हा रीतीप्रमाणं सगळ्यांनी एकेक कबूल करायला सुरुवात केली. मेलेल्याची काही इच्छा राहिली असली की कावळा शिवत नाही, ती पुरी करू असं मोठ्यानं बोलावं लागतं. चुलते म्हणाले, गोरेगावच्या वावराची वाटणी नीट करू. कावळा आला नाही. दत्ता म्हणाला, घराचा वरचा मजला पुरा करू. आला नाही. मग वैजनाथ रडत पुढं झाला आणि हात जोडून म्हणाला, रामप्रसाद, तुझ्या सान्सुईची काळजी करू नको, मी त्याला चांगल्या कानाच्या माणसाकडं सोपवीन. आणि आई, खरंच सांगतो, त्याचं बोलणं संपायच्या आत कावळा खाली उतरला.

बायकांनी घाटावर जायचं नसतं म्हणून सत्यशीला त्या दिवशी घरात भिंतीला टेकून बसली होती, आणि गडी परत आले तेव्हा सगळे म्हणाले होते, छान झालं, लगेच शिवला. लगेच! मग तिनं हळूच विचारलं,

"माझं काही बोलला का रे कोणी? आईला सांभाळू म्हणून?"

दत्तानं मान खाली घातली. "ते तर पहिलंच बोललो व्हतो मी."

"मग?"

"न्हाई शिवला तवा."

झालं. याला म्हणतात नशीब. बायकोला सांभाळू म्हटलं तर कावळ्यानं मान वळवली आणि पेटीला सांभाळू म्हटलं तर झेप घेऊन आला. तिला हसू आलं, मोठ्यानं आलं, दत्ता घाबरून बघायला लागला. मग हसू मध्येच थांबलं आणि नुसता राग उरला, काळा, जड, आणि गंमत म्हणजे तो कावळ्यावर नव्हता, वैजनाथवरही फारसा नव्हता, तो सगळा त्या वेताच्या खुर्चीत डोळे मिटून बसलेल्या माणसावर होता. मेल्यावरही तुम्हाला मी आठवले नाही होय? चांगल्या कानाचा माणूस शोधायला नांदेडला जावं लागलं? दत्ता समजुतीच्या सुरात बोलत राहिला. आई, तुला त्याचा काय उपयोग, धूळच खाऊन राहिला तो, मी तुला छोटा ब्लूटूथ आणून देतो, कुठंबी ने, भजनं ऐक. त्यात त्याची माया होती, हे तिला कळत होतं. पण त्याला कुठं माहीत होतं काही? त्यानंही आपल्या आईला कायम उंबऱ्यातच पाहिलेलं. ती एवढंच म्हणाली की हलवायाच्या घरावर तुळशीपत्र ठेवायला तुमच्या वैजनाथकाकाचं काय जातंय, आणि मेथी निवडायला परत गेली.

शनिवारपर्यंत तिचं डोकं नुसतं भणभणत होतं. वाटायचं, खरंच अडकला असेल का त्याचा जीव? आपण हट्ट केला आणि तो कुठं वाऱ्यावर फिरत राहिला तर? आपण स्वार्थी आहोत का? मग वाटायचं, असू स्वार्थी. सगळ्या जन्मात एक गोष्ट मागितली तर तीही मेलेल्याच्या आड येते म्हणायची. पोळ्या लाटताना, भांडी घासताना, अंगणात रांगोळीची बोटं ओढताना हे चालू असायचं. दुपारी बैठकीत गेलं की तिला पेटीतून बारीक गुणगुण आल्यासारखी वाटायची, ट्रान्स्फॉर्मरची येते तशी, आणि पाहावं तर पिन काढून ठेवलेली. एकदा तिनं रामप्रसादचा फोन घेतला, ग्रुप उघडला आणि लिहायला लागली, 'सान्सुई कोणालाही द्यायचा नाही'. पाठवलं असतं तर काय गंमत झाली असती! मेलेल्या माणसाच्या नंबरावरून, मेलेल्याच्या नावानं. जाणत्या कानांच्या सगळ्या म्हाताऱ्यांची बोबडी वळली असती, प्रेमदासनं तर नांदेडहून लिंबू-मिरची पाठवली असती. वैजनाथनं शब्द मोडला नसता, मृतानंच परत घेतला असता, कुणाला वाईटपणा नाही. तिचं बोट हिरव्या बाणावर टेकलं होतं. मग तिनं अक्षर न् अक्षर पुसलं. आजवर आपण त्याच्या आड राहून ऐकलं, आता त्याच्या आड राहून बोलायचं का? तिला ते नको होतं. जे बोलायचं ते आपल्या तोंडानं, आपल्या नावानं, लोकांसमोर. एवढं ठरलं आणि तिला भूक लागली.

संध्याकाळी गोरेगावहून जीपनं पंचफुलाबाई आल्या. म्हातारीनं उभा जन्म मेंढरांमागं काढलेला, अजून ताठ, पण लेक गेल्यापासून डोळ्यांचं पाणी खळत नव्हतं. दत्तानं तिला सगळं सांगितलेलं होतंच. तिनं सुनेला जवळ बसवलं, तिच्या पाठीवरून हात फिरवला आणि सांगितलं की बाई, मला काही त्या पेटीतलं कळत न्हाई, पण माझ्या लेकराला वाट मोकळी करून दे. शब्द दिल्यावर फिरलं तर मेलेला माणूस ना हिकडं ना तिकडं. मी किती दिवसाची सोबती, मला डोळ्यादेखत एवढं होऊ दे. वैजनाथशी भांडणं सोपं होतं, दत्ताला झटकणं सोपं होतं. ही मात्र त्याची आई होती, आणि तिचं दुःख काही ग्रुपवरचं नव्हतं. रात्री म्हातारीचे पाय चेपताना सत्यशीला मनात म्हणत होती, आत्या, तुम्ही काही पण मागा, हे मागू नका.

रविवारी सकाळी मांडव भरला. 'प्रथम पुण्यस्मरण' लिहिलेला फ्लेक्स लागला, त्यावर रामप्रसादचा तो सबस्टेशनच्या ओळखपत्रातला फोटो, मागं कापसाचे ढग. महाराजांचं कीर्तन सुरू झालं. मांडववाल्यानं लावलेला भोंगा इतका फाटका की महाराज वैराग्य सांगत होते की पत्रे ठोकत होते ते कळेना, आणि 'जाणते कान' पहिल्या रांगेत कानांत बोटं घालून बसले होते. दुपारी फुलं उधळली, आरती झाली, पंगतीची पानं मांडायला लागले. सूत्रसंचालकानं माइकवर जाहीर केलं की स्वर्गवासी भाऊंच्या इच्छेप्रमाणं त्यांचं आवडतं यंत्र आता योग्य हाती सोपवण्यात येईल. वैजनाथ, प्रेमदास, दत्ता आणि मागं चार-सहा पाहुणे बैठकीत आले. प्रेमदासच्या खांद्यावर पेटी गुंडाळायला आणलेली नवीकोरी गोधडी होती. माणूस चांगला होता, आत येताना त्यानं चपला बाहेर काढल्या, पेटीसमोर हातही जोडले. पंचफुलाबाई भिंतीला टेकून बसल्या होत्या. सत्यशीला सान्सुईच्या पुढ्यात उभी होती. तिनं रुमाल आधीच काढून ठेवला होता आणि डाग सगळ्यांना दिसत होता.

वैजनाथ म्हणाला, वहिनी, जरा बाजूला होता का, वायरी काढतो. ती हलली नाही. त्याला वाटलं तिला भरून आलंय, म्हणून तो मऊपणानं म्हणाला की भाऊंची आठवण आहे, समजतं मला, पण ह्यो प्रेमदासभाऊंकडं बराबर राहील, त्यांची खोलीच त्यासाठी बांधलेली हाय.

"डाग मी पाडला," ती म्हणाली. "गाढव मी हाय. दही लावत व्हते त्याच्यावर."

प्रेमदासनं डागाकडं पाहिलं, मग तिच्याकडं, आणि त्याच्या तोंडावर खरोखरची वेदना उमटली, एखाद्याच्या देवळात कुणी चुलीवर पिठलं केल्याची. सत्यशीलेची जीभ लटपटली नाही. तिनं सांगितलं. ते ड्यूटीवर असले की मी ऐकत होते, रोज. त्या खुर्चीत बसून. ते खटकं वर करून, बेस पुरा करून. तुम्ही म्हणाल तसं ऐकणं वाईट, असेल वाईट. तुमच्यासारखं मला त्यातलं काही कळत नाही, कोणता राजा आणि कोणता प्रधान तेही कळत नाही. मला आवडतं. दत्ता 'आई' म्हणत पुढं आला, त्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या, दारात पाहुणे दाटले होते. वैजनाथचे डोळे भरून आले. त्याला या बाईला दुखवायचं नव्हतं, पण मित्राशी बेइमानीही करायची नव्हती, हे त्याच्या तोंडावर स्पष्ट दिसत होतं आणि तिला त्याची कीवही आली.

"वहिनी, मी त्याला पिंडासमोर शब्द देलता," तो म्हणाला. "कावळा शिवला. हजार लोकांनी बघितलं."

"शब्द तुमी देला, भाऊजी. तुमचा तुमी पाळा. तुमच्या घरी पायोनियर हाय न्हवं? त्यो द्या ह्यांना. माझं देऊन तुमचा शब्द कसा काय पाळला जाईल?"

दारातून कुणीतरी फसकन हसलं आणि गप्प झालं. 'माझं' हा शब्द तिच्याच कानाला नवा लागला. घर त्याचं, वावर भावकीचं, मुलगा सगळ्यांचा. या शब्दाची तिला आजवर फारशी गरजच पडली नव्हती. आणि तेव्हा भिंतीपासून आवाज आला, लहान, कापरा. पंचफुलाबाई उठून बसल्या होत्या, पदर तोंडाला लावलेला. त्या भांडत नव्हत्या, रागावल्या नव्हत्या, नुसतं विचारत होत्या.

"सत्यशीला, माझ्या लेकराचा जीव अडकंल ना गं?"

सगळ्यांचे डोळे तिच्यावर आले. आता ही मान तुकवणार असंच सगळ्यांना वाटलं असेल, आणि क्षणभर तिलाही वाटलं. म्हातारीच्या पायांचा स्पर्श अजून तिच्या हातात होता. ती जाऊन सासूसमोर बसली, तिचे दोन्ही हात धरले. आता तिला रडू येत होतं आणि ते तिनं येऊ दिलं.

"अडकू द्या, आत्या. अडकला तर ह्याच घरात अडकंल, दुसरं घर कुठं हाय त्यांना? राहू द्या हितंच. इतके वर्स त्यांचं गाणं मी उंबऱ्यात उभी राहून आयकलं. आता माझं त्यांनी आयकावं."

म्हातारी तिच्याकडं बघत राहिली. बाहेर वाढपी भाजीच्या बादल्या घेऊन ओरडत फिरत होते. सत्यशीला उठली, पिन लावली, तबकडी लावली, खटकं वर केलं आणि बेस टोकाला नेला. प्रेमदासनं खांद्यावरची गोधडी काढली, तिची नीट घडी घातली आणि ती काखेत मारून तो पंगतीला जाऊन बसला.